बंपरवर फोडलेला नारळ

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

— आणि वर मलाच म्हणतात, किटकिट करू नको! शहाद्याला जाऊन भाड्याची गाडी ठरवून आले आमचे हे. रविवारी तोरणमाळ. स्वतः चालवणार म्हणे. विचारलं काय काय? काहीच नाही! आधीचे ओरखडे किती? स्टेपनीत हवा आहे का? वाटेत बंद पडली तर कोण येणार? "गाडीच शे ना, म्हैस थोडी शे पारखाले!" मी म्हटलं, म्हैस लेतांना दात दखतस ना? मंग!

लायसनही तिथेच देऊन आले, असली! अहो, झेरॉक्स द्यायची असते. उद्या गाडी आणायला मी येणार. झालं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

लायसन आधी परत घेतलं, मग बोलले. गाडीवाला हेमकांत, पस्तिशीचा असेल, सडपातळ. मी गाडीभोवती फिरले, ओरखड्याओरखड्याचा फोटो काढला. "काकू, व्हिडिओच काढा ना," म्हणाला आणि काढून पण दिला. डिझेलचा काटा अर्ध्यावर, त्याचाही फोटो. बघू आता कोण बोट दाखवतो!

ड्रायव्हर घ्या म्हणत होता. नको म्हटलं. परका माणूस असला की चारू तोंड उघडत नाही. घरात तरी कुठे उघडते? भटू तापानं गेला त्याला दोन वर्षं झाली. मुलगा माझा, पण नवरा तिचा. रडून रडून मी तरी मोकळी झाले. ही सून भाकरी करते, कापूस वेचते, झोपते. हसत नाही. तोरणमाळ तिच्यासाठी, आमच्यासाठी नाही. देवा, एकदा हसू दे तिला.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी गाडीची पूजा मांडली. "भाडानी गाडीनी कसानी पूजा?" हे म्हणाले. नेणार तर आपल्यालाच ना ती!

चारू दाराआड. ताट हातात, पाय पुढे येईना. विधवेनं कुंकू लावू नये म्हणे. कोण म्हणे? "ये व्हय, उशीर व्हई ऱ्हायना," म्हणून मीच ओरडले. तिनंच लावलं गाडीला.

मग नारळ. दगड शोधत कोण बसतं! ट्रॅक्टरवर फोडतो तसा हाणला पुढच्या बंपरवर. ट्रॅक्टरचं ते लोखंड — हे निघालं प्लास्टिक! कड्कन तडा गेला. नारळ जसाच्या तसा.

हे वाकून तडा चाचपायला लागले. मी पण.

आणि मागून चारू — "आई, फोटू काढात सम्दा, आनि गाडी फोडी तुम्हीच!"

हसली. ओटा धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी म्हटलं दात काढू नको. म्हटलं, पण मनात म्हणत होते, अजून काढ पोरी, अजून काढ.

घाटात तिनं काच खाली केली. हे गाडी चालवता चालवता हळूच म्हणाले, "पोर हासनी वं." मी म्हटलं, रस्ता दखा.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गाडी द्यायला गेलो. चारू आपणहून बरोबर आली! वाटेत ठरवलं होतं, दगड उडाला सांगायचं. हेमकांत वाकला. "काकू, हाई ते व्हिडिओमा नही." मी तोंड उघडणार तोच चारू बोलली, "नारय नही फुटना, बंपर फुटना!"

परक्या माणसाशी बोलली!

तो खाली बसला हसत. ही पण. दोघं थांबेचनात. मी म्हटलं, काप बाबा डिपॉझिटातून, चूक माझी. कापले. पण चहा पाजला, घरच्यांची चौकशीही केली.

३० ऑक्टोबर

भाजीत दोनदा मीठ. लक्ष कुठे आहे हिचं?

३ नोव्हेंबर, सोमवार

हेमकांत घरी आला. चारू शेतात होती. मला वाटलं अजून काही ओरखडा सापडला. भांडायला पदर खोचला.

उंबऱ्याबाहेरच बसला. आईच्या दुखण्यात लग्न राहून गेलं म्हणाला. आई गेली वर्षापूर्वी. मग खाली बघून, "काकू, चारुलताले मी काहीच इचारं नही. पहिले तुम्हले इचारस. तुम्ही नही म्हनशात ते परत येवाव नही."

पाणी दिलं त्याला. कळवते म्हटलं. तो गेल्यावर भटूच्या फोटोसमोर बसले. भांडले त्याच्याशी. मग यांच्याशी. यांनी नुसतं डोकं हलवलं, हो की नाही तेही कळेना. ती गेली तर या घरात आम्ही दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांची तोंडं बघायची.

५ नोव्हेंबर, बुधवार

चुलीपुढेच सांगितलं चारूला, सगळं. तिच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली. आमची दया करून नाही म्हणायचं नाही, बजावलं. नाही म्हणालीस तर हे घर तुझंच. हो म्हणालीस तर हे तुझं माहेर, लुगडं मी नेसवीन. रडू नको. मी रडत नाहीये, धूर आहे. तुझं मन काय ते येत्या रविवारपर्यंत मला सांग!