तुझ्या डब्याचा आवाज

प्रिय मिलिंद,

उद्या सकाळी तुझा व्हिडिओ गेमचा डबा कुरियरने परदेशी जातोय. तिथे गेल्यावर त्यातली आवाजाची चिप काढून ॲसिडमध्ये घालणार आहेत. म्हणून आज लिहायला बसले. तू गेलास तेव्हा जो तो मला सांगत होता, मन मोकळं कर. तेव्हा केलं नाही, आता करते. रडायला नव्हे, जाब विचारायला.

पहिला प्रश्न. तू गेलास हे त्या लोकांना कुणी कळवायचं होतं?

मला काय ठाऊक की जगभर तुझी इतकी माणसं आहेत? मला एवढंच ठाऊक की माझा धाकटा भाऊ सचिन गावच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये इलेक्ट्रिक पॅनेल सांभाळतो, घरी येतो, चहा घेतो आणि आतल्या खोलीचं दार लोटून पोरासारखा खेळत बसतो. रविवारच्या बाजारातून भंगाराच्या भावात आणलेला तो काळा डबा, आणि त्याची ती सततची ट्यँव ट्यँव. भिंतीअलीकडून किती वर्षं ओरडले मी, आवाज कमी कर म्हणून! तू म्हणायचास, "ताई, खेळत नाहीये. काम चाललंय." पन्नाशीच्या माणसाने द्यायचं हे उत्तर?

काम खरोखरच चाललं होतं, हे मला परवापरवा कळलं. वीजबिल भरायला तुझा कॉम्प्युटर उघडला, तर समोर ते पान. सगळं वाचून काढलं. तसले डबे आता कुठे बनत नाहीत, होते ते एकेक करून बंद पडतायत, आणि शेवटचा बंद पडला की त्यावरचे खेळही गेले. म्हणून तू एम्युलेटर लिहीत होतास, म्हणजे साध्या कॉम्प्युटरला त्या डब्यासारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम. फुकट लिहिलास, फुकट वाटलास. त्यात तुझ्या खेळातली होडी चालते, पाणी हलतं, मगर येते, फक्त आवाज भलताच. त्या एका चिपने तुला शेवटपर्यंत दाद दिली नाही.

आणि त्याच पानावर खाली लिहिलेलं, जो कोणी हा आवाज जमवेल त्याला बक्षीस. त्यासाठी देशोदेशीच्या लोकांकडून वर्गणी गोळा करणं चालू. तुझ्या नावापुढे काय होतं, सांगू? "मूळ लेखक, सध्या गैरहजर."

गैरहजर! माणूस जाऊन वर्ष उलटलं आणि हे हजेरी घेतायत. मेल्याची चौकशी नाही, सांत्वनाची एक ओळ नाही, थेट बदली माणसासाठी वर्गणी. अशी चिडले की माझा चहा गार झाला.

पण मी काही भांडायला गेले नाही. म्हटलं, वर्गणी आहे ना, मग आपली पद्धत आपण पाळू. आई गेल्यापासून दर भीमजयंतीला आपण तिच्या नावाने वर्गणी देतो आणि माइकवरून "कालकथित" म्हणून तिचं नाव वाचलं जातं, तशी तुझ्या नावाने देऊ. कार्ड माझं, कॉम्प्युटर तुझा. त्या पानाने ना मला काही विचारलं, ना कालकथित लिहायला जागा ठेवली. तुझंच खातं उघडं होतं म्हणून नुसतं तुझं नाव छापून मोकळं झालं.

संध्याकाळपर्यंत पान भरून निरोप! तू परत आलास! कुठे होतास? तब्येत कशी आहे? आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट, आम्हाला माफ कर.

माफ कशाबद्दल? ब्राझीलचा कोणी पाऊलो ही वर्गणी सांभाळतो. तुझी बहीण म्हणून त्याला विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. तुझ्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी तुझ्यासाठीच वर्गणी काढायचं ठरवलं होतं. तू तडकून नाही म्हणालास, आणि त्यानंतर तुझा शब्द नाही. इथे तुझं हृदय थांबलं होतं, आणि ते तिकडे समजत होते, मिलिंद रागावून निघून गेला. एवढे दिवस ती माणसं स्वतःला बोल लावत बसली होती.

मला तो तुझा नकारही वाचायला मिळाला. काय ते इंग्रजी, मिलिंद! आमच्या सिस्टरनी तो कागद वर्गाबाहेर फेकला असता. बाबांनी रेल्वेच्या पगारात मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि तुला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत, त्याची शिक्षा ब्राझीलला का? पण म्हणणं कळलं. कारण तेच तू आपल्या वस्तीत बोलला होतास. जयंतीच्या आदल्या दिवशी अँप्लिफायर जळला, तू दुरुस्त केलास, आणि खजिनदारांनी पाकीट पुढे केलं. तू हात मागे घेतलास. "पैसे दिलेत तर पुढच्या वर्षी तुम्ही मला बोलावणार. आज मी आपणहून आलोय."

खजिनदार हसले होते. मीही. पाऊलोला हे लिहून कळवलं, तुझ्यापेक्षा बऱ्या इंग्रजीत, आणि तू गेल्याचंही. दोन दिवसांनी त्याची एकच ओळ आली, की मिलिंद कधीच रागावला नव्हता तर. मी लिहिलं, माझा भाऊ एका जेवणापलीकडे कधी रुसला नाही.

मग डब्याची गोष्ट निघाली. तसली चिप असलेला चालू डबा त्यांच्या माहितीत फक्त तुझा. ॲसिडने वरचं आवरण काढायचं, आतल्या रेषांचे फोटो घ्यायचे, म्हणजे ती चिप आवाज कसा करते ते कळेल. नंतर मात्र ती कधी वाजणार नाही. मी सरळ नाही म्हटलं. आवाज रेकॉर्ड करून पाठवते म्हटलं, पाठवलाही. ते म्हणाले, यातून आवाज कळतो, तो होतो कसा ते कळत नाही.

त्यांना काय सांगू, की तू गेल्यापासून दुपारी मीच तो डबा लावते? खेळता येत नाही मला, मगर पहिल्याच वळणाला खाते. नुसता लावून ठेवते. एकदा कल्पनाबेन दारात येऊन हळूच म्हणाली, "रत्नाबेन, अंदर कोण रमे छे?" मी म्हटलं, आत कोणी खेळत नाही, टीव्ही आहे. शेजारीण सुज्ञ, पुन्हा विचारलं नाही.

या डब्यावर राग काढता काढता मलाच त्याचा नाद लागला, हा तुझा दुसरा अपराध.

पण परवा डबा लावला आणि मध्येच खरखर झाली. थोपटला तेव्हा सुरू झाला. म्हणजे हाही जाणारच. माझ्या खोलीत एकटा वाजून जाईल, मग पुन्हा कुणालाच ऐकू येणार नाही. ते तुला चाललं असतं? मीच उत्तर देते, कारण तू देणार नाहीस. नसतं चाललं. काल पाऊलोला हो कळवलं.

फुकट नाही कळवलं. पैशांशी मला कर्तव्य नाही, पण अट घातली. ज्याला आवाज जमेल त्याने आधी तो मला ऐकवायचा. रेकॉर्डिंगमध्ये सगळं कुठे आलंय? होडी खडकाला घासते तो आवाज, मगर मागून येते तेव्हा खाली खाली जाणारा सूर, हे तू खेळायचास तेव्हाच यायचं. ते मला पाठ आहे. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली बाई आहे मी. त्या डब्याच्या नावाने माझ्याइतकं कोणी ओरडलं नाही, म्हणून माझ्याइतका तो कोणी ऐकलेला नाही. त्यांनी मान्य केलं. मी बरोबर म्हणेपर्यंत बक्षीस कुणालाच मिळणार नाही.

आणि तुझ्या नावापुढचं ते गैरहजर काढायला लावलंय. तिथे आता कालकथित आहे, मराठीत.

तेव्हा शब्द देते, मिलिंद. दयामाया दाखवणार नाही. एक सूर खाली-वर झाला तरी परत पाठवीन, दहादा पाठवीन. आणि ज्या दिवशी तो बरोबर लागेल, त्या दिवशी दार सताड उघडं ठेवून, कल्पनाबेनच्या स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढा आवाज मोठा करीन.

जय भीम.

तुझी,
रत्नाताई