पडद्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, अविवाहित, अर्थशास्त्राची पदवीधर, या नाट्यगृहाच्या रंगमंचाची मालकीण, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनाही शंका होती, ती तपासणीनंतर गेली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वडिलांनी हे नाट्यगृह आम्हा दोघा भावंडांत पडद्याच्या रेषेवर वाटले. पडद्याच्या अलीकडचे सारे, म्हणजे खुर्च्या, बाल्कनी, तिकीटखिडकी, धाकट्या भावाला. पलीकडचे सारे, म्हणजे रंगमंच, विंगा, मेकअपच्या खोल्या, मला. पडदा कोणाचा, हे लिहायचे ते विसरले. त्यावर आमचा दावा चालू आहे. न्यायाधीशांनी विचारले, "बाई, उघडल्यावर पडदा जातो कुठे?" मी म्हटले, "माझ्या विंगेत." भाऊ ताडकन उठला, "आणि बंद झाल्यावर दिसतो कुणाला? माझ्या प्रेक्षकांना!" न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

२. भावाला नाट्यगृह बिल्डरला विकायचे आहे. नुसता अर्धा भाग कोणी घेत नाही. "ताई, आपल्यामागे कोण बघणार हे?" असे तो म्हणतो. मी म्हणते, "तिकीट काढतील ते बघतील." मी गेले की वारसाहक्काने रंगमंच त्याच्याकडे जाईल आणि मागोमाग हातोडे येतील. म्हणून हा कागद.

३. रंगमंच, विंगा, दोरखंड व सर्व सामान मी माझ्या भाचीला, म्हणजे याच भावाच्या मुलीला, देते. ती दिवे सांभाळते. तिचा बोर्ड बापाच्या बाल्कनीत, दिवे माझ्या डोक्यावर. दोन्ही हद्दींत ये-जा असलेली ती एकटीच. तिने विचारले, "आत्या, बाबा रागावले तर?" मी म्हटले, "त्यांच्यावरचा उजेड कमी कर." तिने विकू नये अशी अट मी घालत नाही. मी तिला ओळखते, तेवढे पुरे.

४. माझी राहती जागा पडदेवाल्याने हयातभर वापरावी. पडदा ओढून त्याचा खांदा कायमचा गेला आहे. बँकेतील ठेव छपराच्या दुरुस्तीला लावावी. छप्पर सामाईक आहे आणि गळताना हद्द पाहत नाही.

५. शिलाई मशीन भावजयीला. पडद्याला भोक पडले तेव्हा मी सुई-दोरा घेऊन निघाले होते. ती आडवी आली, "वन्सं, टाका घालू नका. उद्या कोर्टात म्हणाल, आम्ही जपला, म्हणजे आमचाच." मुद्दा बिनतोड होता. मी परत फिरले. भोक अजून तिथेच आहे. ते आता तिने बुजवावे.

६. पडद्यावरचा दावा मी सोडते. पडदा भावाचा. तरुणपणी त्याला एका नाटकात काम मिळाले होते. पहिल्याच वाक्याला त्याची बोबडी वळली आणि वडिलांनी भर प्रवेशात त्याच्यापुढे पडदा ओढला. तेव्हापासून त्याने रंगमंचावर पाऊल ठेवलेले नाही. मात्र प्रत्येक प्रयोगाला तो शेवटच्या रांगेत येऊन बसतो. हे मला वरील भोकातून दिसते. पडदेवाल्याच्या जागी आता पडदा त्यानेच ओढावा. दोरी विंगेत आहे आणि विंग त्याच्या मुलीची आहे, तेव्हा आत येताना तिला विचारून यावे.

७. मी गेल्याच्या दिवशी प्रयोग असल्यास रद्द करू नये. भाषणे नकोत. तिसरी घंटा वेळेवर द्यावी. आजवर या नाट्यगृहात कोणासाठीही प्रयोग थांबलेला नाही, मंत्र्यांसाठीही नाही. त्या दिवशी भाऊ विंगेत पोचला नसेल, तर मात्र तो येईपर्यंत थांबावे.

सही

साक्षीदार:
१. रंगभूषाकार
२. शेजारच्या दुकानातील चष्मेवाले
(यातून दोघांनाही काही मिळणार नाही, याची कल्पना दिली आहे. चष्मेवाल्यांनी लगेच सही केली. रंगभूषाकाराने आधी चहा मागितला.)

ठिकाण: मेकअपची खोली, पडद्याच्या पलीकडे
दिनांक: ९ मार्च, सोमवार. आज प्रयोग नाही.