वासानंच पोट भरलं

आई, तुझ्या हातची पुरणपोळी आठवते, पण तुझ्या ताटातली पोळी कितीही आठवू म्हटलं तरी आठवत नाही. महालक्ष्म्यांचं जेवण. धरमपेठेतल्या आपल्या घरात पंगतीवर पंगत उठतेय, तू तुपाची वाटी घेऊन प्रत्येकाच्या पानाशी वाकतेस, नको नको म्हणणाऱ्यालाही वाढतेस. शेवटी मी म्हणते, "आता तू बस." तुझं ठरलेलं, "वासानंच पोट भरलं वं माह्यं. तू जेव." सगळे तुझं कौतुक करायचे. वाढणारीच्या पानात पाहते का वं कोणी आपल्याकडे? तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. भर एप्रिलात तू स्वेटर घालून बसायचीस. ओट्यापाशी कोसळलीस तेव्हा लोक म्हणाले, संसारासाठी झिजली बिचारी. झिजली म्हणे!

तुझी नात, माझी लेक, रामदासपेठेत दवाखान्यात आहे. तू गेल्यावर जन्मलेली, तू तिला पाहिलंच नाहीस. गेल्या महालक्ष्म्यांना तिनं एकटीनं पुरण घातलं, सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. मामी म्हणाली, "थेट आजीवर गेली पोरगी," आणि मी मूर्ख, फुलून गेले. तेव्हाच तिचे केस मुठीनं गळत होते, पाळी थांबली होती, जेवणाचं नाव काढलं की हिला नेमकं काहीतरी काम निघायचं. डॉक्टरबाईंनी विचारलं, दुसऱ्यांना खूप खाऊ घालते का? सतत थंडी वाजते का? सगळ्यांसोबत बसून जेवायचं टाळते का? मी हो हो म्हणत होते आणि डोळ्यांसमोर तू उभी होतीस. त्या म्हणाल्या, हा हट्ट नाही, नखरे नाहीत, आजार आहे. लवकर ओळखला तर बरं करणं सोपं जातं. मग उपासानं थकलेल्या तिच्या हृदयाबद्दल बोलल्या. आशा ठेवा असं काही म्हणाल्या नाहीत.

मला तुझा राग येतो, आई. तुला तरी कुठं ठाऊक होतं, हे कळतं, तरी येतो.

हे तिच्या पलंगाशी बसून लिहितेय. पाठवणार कुठं? डब्याच्या पिशवीत पडून राहील. आज मऊ खिचडी आणली होती, वर साधं तूप. म्हटलं, "एक घास खाय वं बाई." ती हसली. "वासानंच पोट भरलं, आई." तुझं हे बोलणं तिनं कधीच ऐकलेलं नाही. मग सलाईनचा हात सांभाळत उठून बसली, झाकणात खिचडी काढली, माझ्यापुढं धरली. "तू काहून उपाशी राहून राहिली? जेव ना." मी खात गेले, ती वाढत गेली, अजून थोडी, अजून थोडी. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर तेज आलं होतं, अगदी तुझ्यासारखं. डबा रिकामा झाला. मी नको म्हणायला हवं होतं, आई. पण मला भूक लागली होती.