गिव्ह अपची वीस वाक्यं

इलोइलो, २० जानेवारी १९९९

ती. मनांग मिलाग्रोस हिस, धाकट्या भावाचा, तुझ्या तोतोचा सा. न. वि. वि.

तू सहावीच्या पोरांसाठी 'गिव्ह अप'ची वाक्यं मागितली होतीस. कंडक्टरकाकांकडे वीस वाक्यांचा गठ्ठा देतोय. पोरांना एवढंच सांग की 'गिव्ह अप'च्या पुढे माणूस काय सोडतो ते येतं. मग ती सिगारेट असो, नोकरी असो, नाहीतर आशा. आणि नुसतं 'ते' म्हणायचं असेल, तर ते दोन शब्दांच्या मधे बसवायचं. शिकवणीतले आमचे कोरियन विद्यार्थी हमखास शेवटी टाकतात. त्यांच्यासाठी आम्हा शिक्षकांना स्वतःच्या आयुष्यातली खरी वाक्यं लिहावी लागतात. खरं असलं की लक्षात राहतं, असं मोठ्या बाई म्हणतात. तुझ्या पोरांसाठी मात्र मी शेजाऱ्याच्या म्हशीची वगैरे रचली आहेत.

कॉलेज ठीक. मार्चमध्ये परीक्षा. इथली शिकवणी फक्त दुपारची, काळजी करू नकोस. बेर्तो बोटीवरून आला म्हणे. तुला बघून अजून लाजतो का ग तो? नानायची गुडघेदुखी कशी आहे? आईला सांग, चुलीपाशी फार बसू नकोस म्हणून.

माया आहे तशीच ठेव.
तुझा जोविट


पांदान, १ फेब्रुवारी

चि. जोविट यास अनेक आशीर्वाद.

गठ्ठा मिळाला. म्हैस काही सापडली नाही. रोमेलने उभं राहून चौदावं वाक्य मोठ्याने वाचलं. जोविटने ऑक्टोबरमध्ये कॉलेज 'गिव्ह अप' केलं, त्याच्या बहिणीला अजून माहीत नाही. वर्ग हसला. मॅडम, तुमच्या भावाचं नावपण जोविटच ना, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, हो, खूप जोविट असतात. आणि पंधरावं वाचायला सांगितलं. त्यात ग्लेझा नावाची मुलगी होती.

तुला रागवायला बसले होते, पण आधी दुसरं सांगते. १७ तारखेला, रविवारी, बेर्तो आईवडिलांना घेऊन मागणी घालायला आला होता. नानायने भात टाकला, कोंबडी कापली. मी त्याला म्हटलं, तोतोची पदवी होऊ दे, मी नानायला तसा शब्द दिलाय, अजून एक वर्ष थांब. तो म्हणाला, तीन वर्षं थांबलोय, आता बोटीवरचा दोन वर्षांचा करार घेऊन जातो, मग तुझा तोतो न्यायाधीश होईपर्यंत बस. जेवलासुद्धा नाही.

मला ऑक्टोबरमध्ये कळलं असतं, तर मी त्याला काय उत्तर दिलं असतं, हे तूच लिहून पाठव. खरं लिही.

मनांग


इलोइलो, ५ फेब्रुवारी

ती. मनांग, नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

वर्गातलाच कागद घाईत गठ्ठ्यात गेला. खरी वाक्यं कोरियनांना आणि रचलेली घरी, असं चाललं होतं माझं. ते लिहितानाच लाज वाटते.

ऑक्टोबरमध्ये कॉलेजात सरांनी भर वर्गात माझं आणि ग्लेझाचं नाव घेऊन टोमणा मारला. मी वही आपटून बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं. पण ग्लेझा इथे शिकवणीत शिकवते, सकाळच्या वर्गालाही शिक्षक हवा होता, आणि मला वाटलं, तिच्या शेजारच्या टेबलावर बसायला मिळालं की झालं. डिसेंबरमध्ये तिने सरळ सांगितलं, तू चांगला आहेस, पण मला तसं काही वाटत नाही. तरी मी इथेच. तुला सांगायचं रोज ठरवायचो आणि रोज तुला पदवीचं खोटं लिहायचो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. तू हो म्हणाली असतीस.

काल बेर्तोला गाठलं. शनिवारी, १३ तारखेला, तो मनिलाला निघतोय, तोवर इथल्या बंदराजवळच्या खानावळीत उतरलाय. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, मारेल. त्याने आधी मला शेवयांचं गरम बातचोय मागवून दिलं, म्हणाला, खा, उपाशी माणसाला शिव्या देत नाही मी. मग विचारलं, तिने तुझ्यासाठी मला सोडलं, तू कुणासाठी काय सोडलंस? मी म्हटलं, तिला निरोप देऊ का? तो म्हणाला, तुमच्या घरात सगळं तुझ्यामार्फतच ठरतं का रे? तिला हवं असेल तर तिने यावं, स्वतःच्या तोंडाने सांगावं. तुझा निरोप मला नको.

मनांग, गुरुवारची बस पकड. मी स्टँडवर उभा राहतो, थेट त्याच्याकडे नेतो. नंतर मला हवं तेवढं बोल. कॉलेजमध्ये पुन्हा नाव घालतो, शपथ घेतो, काय म्हणशील ते करतो.

मायेला पात्र नसलेला,
जोविट


पांदान, ९ फेब्रुवारी

चि. जोविट यास आशीर्वाद.

गुरुवारची रजा टाकली आहे. हेडमास्तरांना कारण सांगितलं, स्वतःचं काम. सात वर्षांत हे कारण मी पहिल्यांदा लिहिलं. ते दोनदा चष्मा पुसून बघत होते. नानायकडे माझा शब्द परत मागितला. ती म्हणाली, बाई, मी तो कधीच सोडून दिला होता, तूच धरून बसलीस.

बेर्तो काय म्हणेल, माहीत नाही. कदाचित उशीर झाला असेल. झाला असेल तर त्यात माझाही वाटा आहे, सगळा स्वतःच्या डोक्यावर घेऊन मिरवू नकोस.

स्टँडवर मात्र येऊ नकोस. खानावळ मी विचारत जाईन. तू समोर दिसलास की मी तुझं वाळलेलं तोंड बघेन, जेवलास का विचारेन, आणि कॉलेजचं बोलत बसेन. तेवढ्यात दिवस संपेल. तुझ्याशी मी शुक्रवारी बोलेन.

गुरुवारी मला माझं बोलायचं आहे.

तुझी,
मिलाग्रोस