आईचं रेकॉर्डिंग अजून वर जातंय

धाकट्या,

गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. आईला घेऊन हॉस्पिटलात जातेय.

काल तिचं बोलणं तासभर रेकॉर्ड केलं, तू लावून दिलेल्या क्लाउडच्या फोल्डरमध्ये टाकलं आणि लगेच लॅपटॉप बंद केला. सकाळी फोनवरून बघते, तर तिथे काहीच नाही! आज ऑपरेशनमध्ये तिचं स्वरयंत्र काढणार, मग तो आवाज कुठून आणायचा? धावत जाऊन लॅपटॉप उघडला, तर फाईल जागच्या जागी आणि नुकती क्लाउडवर जायला लागलेली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तुझ्या सेटिंगमुळे फाईल आधी लॅपटॉपच्या डिस्कवर राहते, मग सावकाश वर जाते. नाहीतर लॅपटॉप बंद करताच ती अर्धवट तुटली असती. डिस्क भरते म्हणून याच सेटिंगवरून मी तुला महिनाभर फैलावर घेतलं. 'बंद करतो गं' म्हणालास आणि केलं नाहीस. माझं ऐकलं नाहीस, फार उपकार झाले बाबा.

चार्जर काढू नकोस, अर्धी फाईल जायचीय.

शेवटची दहा मिनिटं ती तुझ्याशीच बोललीय. परवाच्या तुमच्या भांडणाबद्दल अवाक्षर नाही. लॅपटॉपवर ऐक आणि दहाच्या आत हॉस्पिटलात ये, दहाला तिला ऑपरेशनला नेतील. तोवर तिला उत्तर देता येईल.

ताई