इन्स्पेक्टर केवढा काढावा

३ डिसेंबर २०२४, मंगळवार
शेजारच्या मटिल्डाबाईंचा कोंबडा हरवला! नाव इन्स्पेक्टर. तीन दिवस झाले. "जयवंतभाऊ, तुम्ही देवांची चित्रं काढता ना, आता माझा कोंबडा काढा. स्टॉपवर लावू. चांगला मोठा – बसमधून दिसला पाहिजे." फोटो नाही का, विचारलं. आहे – त्यात त्यांची लेक रोवेना अख्खी, कोंबड्याची नुसती शेपटी.

४ डिसेंबर
पोस्टकार्डाएवढा काढला. मला लहानच जमतं. रोज वहीच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा मारुती काढतो. लहानातल्या चुका देव पोटात घालतो.
यमुनेने पाहिला. "हाच द्या. छान आहे. मोठा कशाला?" लग्नाला चोवीस वर्षं झाली – माझ्या चित्राला बायको पहिल्यांदा छान म्हणाली!
मटिल्डाबाई मात्र – "हा कोंबडा? ही तर चिमणी! असले आगाशी गावापर्यंत शंभर फिरतात."
खरं आहे. लहान काढला तर तो कुणाचाही. मोठ्यात तुरा कुठे फाटलाय, कुठलं बोट वाकडं, सगळं दाखवावं लागतं.
जाताना म्हणाल्या, "रोवेना परदेशी गेली, घरात आवाज करणारा तेवढाच एक राहिला होता हो."
मोठाच काढायचा.

५ डिसेंबर, गुरुवार
यमुनेचा मार्गशीर्षातला उपास. विचारलं, तुरा डावीकडे फाटलाय की उजवीकडे? गप्प! उपासात मौनही असतं, हे नवीनच.

६ डिसेंबर
कॅलेंडरच्या पाठीवर काढला. शेपटी मावेना, आणखी एक महिना जोडला. डोळ्यातच दुपार गेली. लहानात टिंब टाकलं की झालं. मोठ्यात तो कुणाकडे बघतोय ते ठरवावं लागतं. माझ्याकडे बघतोय. रागाने.
मटिल्डाबाई ओरडल्याच – "इन्स्पेक्टर!" आणि कागदावरून हात फिरवत बसल्या.
स्टॉपवर लावला. पोरं त्याच्यासोबत सेल्फी काढतायत. यमुना म्हणाली, "एवढा हुबेहूब कशाला काढायचा?"

८ डिसेंबर
कळंबहून मेहुणीचा फोन. नर्मदा खिदळतच म्हणाली – "भावोजी, तुमचा कोंबडा व्हॉट्सॲपवर फिरतोय. अहो, हा तर आमच्या परसात! ताईनेच आणून सोडला. म्हणाली, पहाटे ओरडतो, ह्यांचा जप चुकतो."
मी तसं म्हणालो होतो. एकदाच. तेही अगदी हळू.

९ डिसेंबर
पहिल्या बसने कळंबला निघालो. यमुनेला म्हटलं, टोपली दे. कशाला, ते तिने विचारलं नाही. टोपली दारात तयारच होती – तळाशी मूठभर तांदूळ.