मांजरपाटाचे पंख

आई, मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगतो. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, मीही आता म्हातारा झालो, पण ते विमान बांधलं याचा मला आजही रतीभर पस्तावा नाही. पुन्हा तरुण झालो तर पुन्हा बांधीन, आणि तू पुन्हा माझ्या नावाने बोटं मोडशील. मोड खुशाल.

तेव्हा मला येत काय होतं म्हणा! ठाकुर्लीच्या वीजघरात फिटर म्हणून नुकता लागलेलो. विमान जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं. रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकातली चित्रं, कल्याणच्या लष्करी छावणीच्या भंगारातून आणलेलं मोटारसायकलचं इंजिन, आणि डोक्यात भुंगा. एवढा मोठा कागद कुठला मिळायला, म्हणून पंखाची पहिली फासळी मी आपल्या डोंबिवलीच्या खोलीत चुलीपुढच्या जमिनीवर खडूने काढली. दुसऱ्या दिवशी कामावरून येतो तर जमीन सारवलेली, पंख गायब. "अगं, माझं विमान!" तर तू म्हणतेस, "मला स्वयंपाक करायचाय. तुझ्या विमानावर पोळपाट मांडू का?" मी पुन्हा काढली, तू पुन्हा सारवलीस. दोघंही एकाच माळेचे मणी, ऐकतंय कोण! शेवटी मी सगळं सामान मागच्या रिकाम्या गोठ्यात हलवलं.

मग पंखांवर ताणायला कापड आणायला गेलो, आणि तिथे घोळ झाला. मला कोरा मांजरपाट हवा होता, स्वस्त आणि घट्ट विणीचा. दुकानदाराने माप ऐकलं आणि त्याचा चेहराच उतरला. "कोण गेलं रे?" म्हणाला. मी घाईत होतो, "घरचंच काम आहे" एवढंच बोललो. झालं! त्याने कात्री बाजूला ठेवली आणि प्रेताचं कापड फाडतात तसं हातानेच टराटरा फाडून दिलं. गठ्ठा गोठ्यात टाकून मी घरी येतो तो दुकानातली बातमी माझ्याआधीच पोचलेली, शेजारच्या बायका डोळ्यांना पदर लावून आपल्या दारात उभ्या, आणि तू स्वतः पिठाच्या हातांनी दार उघडतेयस. मला हसू आवरेना. तू मात्र हसली नाहीस. सगळ्यांना वाटेला लावलंस आणि म्हणालीस, "बाबांच्या वेळी हेच कापड आलं होतं या घरात. तुझं कफन मी शिवणार नाही." गावभरची पोलकी शिवून मला वाढवणारी तू, मशीनला कुलूप घातलंस.

नको तर नको! मी सुईदोरा घेऊन हाताने शिवायला बसलो. एका रविवारी दुपारी तू गोठ्यात डोकावलीस, माझे टाके बघितलेस आणि कपाळाला हात लावलास. "ही शिवण? पोतं तरी बरं शिवतात." बसल्या बसल्या सगळं उसवलंस. "तुझं ते उडो नाहीतर खड्ड्यात जावो, माझ्या घरातून असली शिवण बाहेर जायची नाही." मशीनचं कुलूप निघालं. शिवून झाल्यावर नव्या कपड्याला लावतात तसं हळदकुंकवाचं बोट तू दोन्ही पंखांच्या टोकांना लावलंस. बाबा गेल्यापासून कुंकवाच्या करंड्याला तुझा हात लागला नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला? मी लावते की." "माझ्या मुलाचं कापड आहे," तू म्हणालीस आणि लावलंस. आणि हट्टी म्हणे मी!

भातकापणी झाल्यावर ठाकुर्लीपलीकडच्या शेतात विमान नेलं. तुला म्हटलं, चल. "बघायला मी येणार नाही. जेवायला वेळेवर ये." ठीक आहे, नको येऊस! विमान उडालं, आई. माणसाच्या डोक्याइतकं वर, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत. मग नाकावर आपटलं, चाक मोडलं, माझा गुडघा फुटला. लोक म्हणाले, उडी मारली. उडी बेडूक मारतो. माझं विमान उडालं, आणि ज्याला पटत नसेल त्याने एक बांधून दाखवावं.

लंगडत घरी आलो. तू ताट वाढलंस, गुडघ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "शिवण उसवली?" "एक टाकासुद्धा नाही." "उसवेल कशी," म्हणालीस आणि आमटी वाढायला वळलीस. तो विषय आपण पुन्हा कधी काढला नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. तू आली नाहीस त्याचं मला काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलोय, बायकोलासुद्धा. वाटलं होतं. बांधावर माणसं उभी होती, आणि चाकं जमीन सोडून वर आली तेव्हा मी समोर बघायचं सोडून त्यांच्यात तुला शोधत होतो. म्हणून आपटलं.